चोरलेल्या खुणा आणि निष्ठेचे माप

स्वतःच्या संघाचा पराभव पचविणे चाहत्याला जड जाते, हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. परंतु स्वतःच्या संघाच्या विजयावर पडलेला डाग उघड्या डोळ्यांनी पाहणे त्याहूनही जड असते. पराभवात मनुष्य पंचांवर रागावू शकतो, दैवाला बोल लावू शकतो. डागाळलेल्या विजयात मात्र त्याला स्वतःच्याच मनाशी हिशेब करावा लागतो. तो हिशेब टाळण्यासाठी माणसे किती परींनी युक्तिवाद रचतात, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने २०२३ साली जगापुढे ठेवले. प्रतिस्पर्ध्यांच्या सांकेतिक खुणा नियमबाह्य मार्गाने मिळविल्याच्या आरोपावरून मिशिगन विद्यापीठाच्या संघाची चौकशी सुरू झाली. त्याबरोबर त्या संघाचे चाहते आणि त्याचा परंपरागत प्रतिस्पर्धी असलेल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे चाहते यांच्यात जो वाद पेटला, तो पुढे चौकशीच्या निकालानेही शमला नाही.

वाद परदेशातला, खेळही आपल्याकडे फारसा न खेळला जाणारा. तरीही त्यात गुंतलेला प्रश्न कोणत्याही देशातील शिक्षकाला, विद्यार्थ्याला किंवा कचेरीत काम करणाऱ्याला परका वाटू नये. आपल्या माणसाचा अपराध मोजावयाचे माप आणि परक्याचा अपराध मोजावयाचे माप एकच असते काय, हा तो प्रश्न होय.

शेजाऱ्यांचे जुने वैर

ओहायो आणि मिशिगन ही एकमेकांस लागून असलेली राज्ये. टोलेडो शहराभोवतालच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावरून १८३५ साली दोन्हीकडची सशस्त्र पथके समोरासमोर उभी ठाकली होती. अखेर अमेरिकन काँग्रेसने टोलेडो ओहायोच्या पदरात टाकले आणि मिशिगनला उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग देऊन १८३७ मध्ये राज्याचा दर्जा दिला. या दोन राज्यांच्या विद्यापीठांचे फुटबॉल संघ १८९७ मध्ये प्रथम एकमेकांशी खेळले. १९१८ पासून, कोविडच्या साथीमुळे रद्द झालेला २०२० चा सामना वगळता, हा सामना दरवर्षी होत आला आहे. मिशिगनच्या अॅन आर्बर येथील मैदानात १,०७,००० हून अधिक, तर ओहायोच्या कोलंबस येथील मैदानात १,०२,००० हून अधिक प्रेक्षक बसतात. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवर जेथे जेथे मिशिगनचे आद्याक्षर 'एम' येते, तेथे तेथे त्यावर लाल फुली मारण्याची प्रथा आहे. वैर किती खोल मुरले आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

२०१२ ते २०१९ या काळात सलग आठ सामने ओहायो स्टेटने जिंकले. मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बॉ हे त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. २०१५ च्या हंगामापासून संघाची सूत्रे त्यांच्या हाती होती. पण ओहायोपुढे त्यांचे पहिले पाचही प्रयत्न व्यर्थ गेले होते. मग चित्र एकाएकी पालटले. २०२१ मध्ये मिशिगनने ४२-२७ असा, तर २०२२ मध्ये ४५-२३ असा विजय मिळविला. ज्या विजयांनी अॅन आर्बरला नवे तेज दिले, त्याच विजयांच्या काळाकडे पुढे चौकशीचे बोट वळले. म्हणूनच हा वाद केवळ एका नियमाचा राहिला नाही. एका पक्षाच्या दृष्टीने तो अभिमानाचा झाला आणि दुसऱ्याच्या दृष्टीने गेलेल्या अब्रूचा.

काय चालते आणि काय चालत नाही

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. आपण जो फुटबॉल पाहतो त्याप्रमाणे तेथील खेळ अखंड वाहत नाही; तो एकेका चालीने थांबत थांबत पुढे जातो. दोन चालींमधील काही सेकंदांत पुढची चाल कोणती, हे प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून खेळाडूंना कळवितो. व्यावसायिक संघांत १९९४ पासून त्यासाठी शिरस्त्राणात बसविलेल्या बिनतारी यंत्राचा उपयोग होत आला आहे. महाविद्यालयीन खेळात मात्र २०२३ च्या हंगामापर्यंत ती सोय नव्हती. तेथे हातवारे आणि चित्रे रंगविलेले मोठे फलक यांवरच भिस्त होती. चेंडू घेऊन धावावयाचे की तो लांब फेकावयाचा, एवढे जरी बचाव करणाऱ्याला आधी उमगले, तरी त्याचे काम कितीतरी सोपे होते.

आता मुख्य मुद्दा असा की, प्रतिस्पर्ध्याच्या खुणा ओळखणे हा त्या खेळात अपराध नाही. सामना चालू असताना समोरच्या कडेवर नजर ठेवून कोणी खुणांचा अर्थ लावला, किंवा दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण पुनःपुन्हा पाहून त्यांतील संगती शोधली, तर त्याला चतुरच म्हटले जाते. बहुतेक संघ हा उद्योग करतात, हेही उघड गुपित आहे. बंदी आहे ती निराळ्या गोष्टींवर. ज्यांच्याशी त्याच हंगामात पुढे खेळावयाचे आहे, अशा संघाच्या इतरत्र होणाऱ्या सामन्याला स्वतः जाऊन किंवा माणूस पाठवून हेरगिरी करणे १९९४ पासून निषिद्ध आहे. तो नियम मुख्यतः खर्च आवरण्यासाठी आणि श्रीमंत संघाला गरीब संघावर मात करण्याचे आणखी एक साधन मिळू नये यासाठी करण्यात आला होता. सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या खुणा यंत्राद्वारे टिपून घेण्यालाही मनाई आहे.

नियमाच्या मुळाशी असा खर्चाचा हिशेब होता, म्हणून त्याला नैतिक वजन नाही, असे काहींचे म्हणणे पडले. परंतु परीक्षेची वेळ तीन तासच का, यालाही कोणते सनातन तत्त्व नसते. सर्वांनी ती वेळ मान्य करून लिहावयास बसणे, यातच तिचे नैतिक बळ असते. आपल्याकडील क्रिकेटरसिकांना १९९९ च्या विश्वचषकातील होव्ह येथील भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना स्मरत असेल. प्रशिक्षक बॉब वुल्मर यांच्या सूचना ऐकण्यासाठी कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि अॅलन डोनाल्ड कानात यंत्र घालून उतरले होते. सामनाधिकाऱ्यांनी ते काढावयास लावले. तथापि तशी मनाई करणारा स्पष्ट नियम तोवर नव्हता, म्हणून त्या प्रकाराला लबाडी म्हणावे की कल्पकता, यावर दोन मते संभवत होती. मिशिगनच्या बाबतीत ती सोय नाही. तेथे नियम होता, तो जुना होता आणि सर्वांस ठाऊक होता.

एका चाहत्याचे कर्तृत्व

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राची नियामक संघटना, म्हणजे एनसीएए, मिशिगनची चौकशी करीत असल्याचे प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच दिवशी कॉनर स्टॅलियन्स या कनिष्ठ कर्मचाऱ्याला विद्यापीठाने निलंबित केले आणि ३ नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला. हा गृहस्थ अमेरिकेच्या नौदल अकादमीचा पदवीधर, मरीन दलातील माजी अधिकारी आणि बालपणापासून मिशिगनचा निस्सीम चाहता. सैन्यात असतानाही तो सुट्ट्या काढून संघासाठी विनामूल्य राबत असे. तिकिटे स्वतःच्या नावे विकत घ्यावयाची, ती ओळखीच्या माणसांकडे पाठवावयाची, त्यांनी प्रेक्षकांत बसून मोबाइलवर प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांचे हातवारे टिपावयाचे आणि मग त्या चित्रणाची सामन्याशी सांगड घालून खुणांचा अर्थ लावावयाचा, अशी ती व्यवस्था होती. एनसीएएच्या अंतिम निर्णयानुसार २०२१ ते २०२३ या तीन हंगामांत १३ प्रतिस्पर्ध्यांच्या ५२ सामन्यांत मिळून अशी हेरगिरी ५६ वेळा झाली.

या तपशिलात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रकरणात सट्टेबाजाची लालूच नव्हती, लाच नव्हती, विकला गेलेला खेळाडूही नव्हता. ज्याने हे केले तो स्वतःच मुळात चाहता होता, आणि त्याच्या हातून जे घडले ते संघाच्या प्रेमापोटी घडले. प्रेमाला नियमाचे कुंपण अडवू लागले, तेव्हा त्याने कुंपण मोडले. बाहेर गॅलरीत बसून त्याचे समर्थन करणारे हजारो चाहते आणि आत बसलेला हा एक चाहता यांच्यात जातीचा फरक नाही. फरक आहे तो संधीचा आणि चिकाटीचा. म्हणूनच चाहत्यांच्या युक्तिवादांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

समर्थनाचे चार खांब

मिशिगनच्या बाजूने पहिला युक्तिवाद झाला तो असा की, सगळेच हे करतात. खुणा ओळखण्याचा उद्योग सार्वत्रिक आहे, हे वर आलेच आहे. इतकेच नव्हे, तर त्याच स्पर्धामंडळातील काही संघांनी मिशिगनच्या खुणांची आपसांत देवाणघेवाण केल्याचे कागदही मिशिगनच्या वतीने पुढे करण्यात आले. तो प्रकार शोभादायक नव्हे, हे मान्य करावे लागेल. परंतु सगळे जे करीत होते ते खुणा वाचण्याचे काम होते. तीन हंगाम माणसे पाठवून चित्रण करण्याची व्यवस्था सगळ्यांनी उभारल्याचे कोणी दाखवून दिले नाही. दोहोंतील सीमारेषा पुसून टाकल्याखेरीज हा युक्तिवाद उभाच राहत नाही.

दुसरा युक्तिवाद निकालांचा. भांडे फुटल्यावर तरी मिशिगन हरले का? नाही. १० नोव्हेंबर २०२३ रोजी बिग टेन या स्पर्धामंडळाचे आयुक्त टोनी पेटिटी यांनी हार्बॉ यांना साखळीच्या उरलेल्या तीन सामन्यांत मैदानावर येण्यास बंदी केली. विद्यापीठाने न्यायालयात धाव घेतली आणि आठवड्याच्या आत ती माघारी घेतली. सहायक प्रशिक्षक शेरॉन मूर यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने पेन स्टेट, मेरिलँड आणि अखेर ३०-२४ अशा गुणांनी ओहायो स्टेट या तिघांनाही हरविले. 'मिशिगन विरुद्ध सगळे' असे छापलेले सदरे घालून चाहते मिरवू लागले. पुढे हार्बॉ परतले, आणि ८ जानेवारी २०२४ रोजी वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असे नमवून मिशिगनने पंधरापैकी पंधरा सामने जिंकत राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. संघ गुणवान होता, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते. परंतु हुशार विद्यार्थ्याने नक्कल केली तर ती नक्कल ठरत नाही, असे कोणता शिक्षक म्हणेल? उलट प्रश्न असा उभा राहतो की, खुणांवाचून जिंकता येत होते, तर तीन हंगाम एवढा खटाटोप कशासाठी?

तिसरा युक्तिवाद प्रतिस्पर्ध्याच्या इतिहासाचा. ओहायो स्टेटचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? खेळाडूंनी आपली स्मृतिचिन्हे देऊन गोंदणे आणि पैसे मिळविल्याची माहिती दडविल्यामुळे तेथील नामवंत प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना २०११ मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि २०१० च्या हंगामातील विजय विद्यापीठाला कागदोपत्री सोडून द्यावे लागले. त्यांत मिशिगनवरील विजयही होता. मुद्दा बिनतोड आहे. पण तो मिशिगनला निर्दोष ठरवीत नाही. शेजाऱ्याच्या घरातील केर दाखविल्याने आपले अंगण झाडले जात नाही.

चौथा युक्तिवाद असा की, हे सारे एकट्याने केले. वरिष्ठांना त्याचा पत्ता नव्हता. हार्बॉ यांनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले. कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला या युक्तिवादाची चव पूर्वपरिचित असते. फायदा वर चढतो आणि ठपका खाली उतरतो, हा जगाचा अनुभव आहे. कनिष्ठाने आणून दिलेली खात्रीशीर माहिती वरिष्ठ आनंदाने वापरतात. ती आली कोठून, हे विचारण्याचे मात्र टाळतात. न विचारणे हीसुद्धा एक कृती आहे. एनसीएएने हार्बॉ यांच्यावर मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी पार न पाडल्याचा आणि चौकशीत सहकार्य न केल्याचा ठपका ठेवला. चौकशीचे वृत्त फुटले त्याच दिवशी मूर यांनी स्टॅलियन्सशी झालेल्या संदेशांचा ५२ नोंदींचा धागा आपल्या फोनमधून पुसून टाकला होता. तो नंतर परत मिळविण्यात आला. स्टॅलियन्सने तर आपला फोन तळ्यात फेकून दिला. ज्यांना आपण काही वावगे केले नाही अशी खात्री असते, त्यांचे हात इतक्या घाईने चालत नाहीत.

बलरामाचा राग

या चारही युक्तिवादांच्या तळाशी एकच भावना आहे, आणि तिचे वर्णन करण्यास आपल्या भाषेतील 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण पुरेशी आहे. तथापि या भावनेला उत्तरही आपल्याच परंपरेत सापडते. महाभारतातील अखेरच्या गदायुद्धाचा प्रसंग आठवावा. नाभीखाली प्रहार करावयाचा नाही, हा त्या युद्धाचा नियम. भीम दुर्योधनाला आवरेना, तेव्हा अर्जुनाने आपल्या मांडीवर थाप मारली. भीमाने खूण ओळखली आणि दुर्योधनाच्या मांड्या भंगल्या. तो सारा प्रसंग एका खुणेवरच फिरतो. समर्थनाला तेथेही तोटा नव्हता. भीमाची प्रतिज्ञा होती, द्रौपदीची विटंबना होती, दुर्योधनाच्या कपटांची लांबलचक यादी होती. तरीही दोघांचा गुरू बलराम नांगर उगारून भीमावर धावून गेला, आणि कृष्णाने समजूत घातल्यावरही मनातला राग न सोडता द्वारकेकडे निघून गेला.

येथे महत्त्वाचे आहे ते हे की, महाभारतकाराची सहानुभूती निःसंशय पांडवांकडे आहे. तरीही त्याने बलरामाचा राग गाळला नाही. विजय पांडवांचाच राहिला, धर्माचा पक्षही त्यांचाच राहिला, आणि त्या विजयाला लागलेला बोलही नोंदला गेला. आपल्या पक्षावर प्रेम करूनही त्याचा दोष लिहून ठेवता येतो, एवढेच नव्हे तर प्रेम करणाऱ्यानेच तो लिहावयाचा असतो, हे त्या ग्रंथाने शिकविले. मिशिगनच्या चाहत्यांत असे म्हणणारे कोणीच नव्हते असे नाही. पण गलबल्यात त्यांचा आवाज क्षीण राहिला.

पराभूतांचे कपट

दोष मात्र एकाच बाजूचा नाही. ओहायोच्या अनेक चाहत्यांनी या प्रकरणाचा उपयोग आपल्या पराभवांवर पांघरूण घालण्यासाठी केला. २०२१ आणि २०२२ मधील हार खरी नव्हेच. ती चोरीची होती, असे ते म्हणू लागले. खुणा ठाऊक असल्याने मिशिगनला लाभ झाला असेल. किती झाला, हे मोजण्याचे साधन कोणाकडेच नाही. परंतु ज्याला समोरच्याने आडवे केले त्याला केवळ खुणेने आडवे केले, असे म्हणणे ही आत्मवंचना होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकरण उघड होऊन वर्ष लोटले होते, हार्बॉ संघ सोडून व्यावसायिक फुटबॉलकडे गेले होते, आणि ओहायोचा संघ सर्व जाणकारांच्या मते वरचढ होता. तरी स्वतःच्याच मैदानावर ओहायोला १३-१० अशी हार खावी लागली. तोच ओहायोचा संघ पुढे दोन महिन्यांच्या आत राष्ट्रीय विजेता झाला. खेळात असे घडते. प्रत्येक पराभवामागे चोर शोधणारा मनुष्य आपल्या संघाला सुधारण्याची संधीच हिरावून घेत असतो.

याबाबत अमेरिकेच्याच बेसबॉलमधील एक जुना प्रसंग बोधप्रद आहे. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर फटका मारून ब्रुकलिन डॉजर्सच्या तोंडचा घास काढून घेतला. तो फटका त्या खेळाच्या इतिहासात अजरामर झाला. जायंट्सने त्या हंगामात मैदानापलीकडील खोलीत दुर्बीण लावून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपण्याची व्यवस्था केली होती, हे २००१ मध्ये वृत्तपत्रातून सविस्तर प्रसिद्ध झाले. थॉमसनने त्या चेंडूची खूण आपल्याला मिळाल्याचे नाकारले. ब्रँकाला मात्र दुर्बिणीची गोष्ट १९५४ मध्येच कळली होती. ज्याच्या नावावर आयुष्यभर त्या एका चेंडूचा शिक्का बसला, त्या माणसाने जवळजवळ अर्धे शतक ती जाहीरपणे बोलून दाखविली नाही. पराभवाचे रडगाणे गाणारा म्हणून ओळखले जाणे त्याला नको होते. त्याने मौन पाळलेच पाहिजे होते असे नाही. पण तक्रार खरी असूनही तिला निमित्त होऊ न देण्याचा हा संयम दुर्मिळ खराच.

वरातीमागून आलेला न्याय

एनसीएएचा निर्णय १५ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाला. म्हणजे विजेतेपदाचा जल्लोष ओसरून दीड वर्ष झाल्यावर. हार्बॉ यांच्यावर महाविद्यालयीन क्षेत्रात दहा वर्षांचे निर्बंध घालण्यात आले. पण दुसऱ्या एका प्रकरणातील आधीची शिक्षा संपल्यावर, म्हणजे ऑगस्ट २०२८ मध्ये, ते सुरू व्हावयाचे होते, आणि हार्बॉ तर ज्या व्यावसायिक जगात गेले होते तेथे हे निर्बंध लागूच नव्हते. स्टॅलियन्सवर आठ वर्षांचे निर्बंध आले, मूर यांच्या वाट्याला एकूण तीन सामन्यांचे निलंबन आले, आणि विद्यापीठावर चार वर्षांची देखरेख व कोट्यवधी डॉलरांचा दंड बसला. विजय मात्र रद्द झाले नाहीत आणि विजेतेपदही अबाधित राहिले. हंगामोत्तर सामन्यांत खेळण्यास बंदी घालणे अन्यथा उचित ठरले असते; परंतु ज्यांचा अपराधाशी संबंध नाही अशा नव्या खेळाडूंना ती शिक्षा भोगावी लागली असती, म्हणून ती दिली नाही, असे निर्णयमंडळाने नमूद केले.

हा विचार मानवतेचा आहे, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम काय झाला? अपराधाचा लाभ ज्यांना झाला ते निघून गेले, जे उरले त्यांना शिक्षा देणे अन्याय्य ठरले, आणि शेवटी सारा हिशेब पैशांत चुकता झाला. श्रीमंत संस्थेला दंड ही शिक्षा वाटेनाशी होते. ती विजयाची किंमत वाटू लागते. ओहायोच्या चाहत्यांना शिक्षा हलकी वाटली आणि मिशिगनच्या चाहत्यांना ती जाचक वाटली. म्हणजे निर्णय कोणताही लागला असता, तरी दोघांच्या मापांत फरक पडला नसता. तत्पूर्वी एप्रिल २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळातही शिरस्त्राणातील बिनतारी यंत्राला अनुमती देण्यात आली. चोरी होऊन गेल्यावर कुलूप बसले, तेही तीस वर्षे व्यावसायिक संघांच्या दारावर दिसत असलेले कुलूप.

विद्यापीठाचा प्रश्न

या साऱ्या कोलाहलात एक साधी गोष्ट विसरली गेली. हे संघ व्यावसायिक मालकांचे नव्हेत. ते विद्यापीठांचे आहेत. ज्या संस्थेत विद्यार्थ्याने दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दिला तर त्याची पदवी धोक्यात येते, त्याच संस्थेच्या नावे मैदानावर उतरणाऱ्यांनी नियम गुंडाळून ठेवला आणि संस्थेने प्रथम न्यायालयाचे दार ठोठावले. वर्गात एक धडा आणि मैदानावर दुसरा, असे विद्यार्थ्यांनी पाहिले, तर ते कोणता धडा ध्यानात ठेवतील, हे सांगण्यास शिक्षणशास्त्रज्ञ नको. सर्वांत मोठा अन्याय झाला तो मिशिगनच्याच खेळाडूंवर. त्यांनी गाळलेला घाम खरा होता, त्यांचे कौशल्यही खरे होते. चोरीने त्यांच्या पदरात काही टाकले की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. पण आपल्या विजयाविषयी निःशंक असण्याचा त्यांचा हक्क मात्र तिने हिरावून घेतला.

म्हणून या वादातून चाहत्याने घ्यावयाचा बोध संघ सोडून देण्याचा नव्हे. ज्याला कोणताच संघ आपला वाटत नाही, त्याचा निष्पक्षपणा फुकटचा असतो. त्याला त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. ज्याचा जीव एका संघात गुंतला आहे, त्याने त्या संघाची चूक चूक म्हणून सांगितली, तर तिला मोल आहे. कारण ते सांगताना त्याला दुखते. हा न्याय मैदानापुरता नाही. आपला पक्ष, आपली जात, आपली संस्था, आपली कचेरी, आपले घर अशा प्रत्येक ठिकाणी तोच लागू पडतो. परक्यांनी दाखविलेल्या दोषाला शत्रुत्वाचे नाव देऊन झटकता येते. आपल्यांनी दाखविलेला दोष झटकता येत नाही. अॅन आर्बरच्या त्या भव्य मैदानात स्टॅलियन्सला वेळीच हटकणारा एखादा सहकारी उभा राहिला असता, 'असे मिळविलेले आम्हांला नको' असे म्हणणारा एखादा वरिष्ठ निघाला असता, तर २०२३ चे विजेतेपद कदाचित तेवढ्याच गुणांनी मिळाले असते, आणि त्याविषयी बोलताना कोणालाही आवाज चढवावा लागला नसता.